पन्नास तासांचं मीटर

ओसरीवरून : मानोरकर

परवा एका ओळखीच्या मॅडमकडे गेलो होतो. मानोऱ्याजवळच्या एका तांड्यावर दोन शिक्षकी शाळा आहे, तिथं त्या शिकवतात. संध्याकाळची वेळ, गॅसवर तवा. मिठाच्या बरणीला टेकवून मोबाइल उभा केलेला आणि त्यात कुणी तज्ज्ञ हातवारे करत बोलत होते. आवाज मात्र येत नव्हता. मी म्हटलं, आवाज बंद झालाय का? "बंदच ठेवला आहे सर," पोळी उलटवत त्या म्हणाल्या, "तीन मिनिटं राहिले. मग प्रश्न येते, ते सोडवायचे की झालं." मी वाकून विषय वाचला. शिकण्यात विद्यार्थ्यांचा सक्रिय सहभाग.

हसू आलं, पण मॅडमचं नाही. त्या कामचुकार नाहीत. तालुक्यात मी पाहिलेल्या चांगल्या शिक्षकांपैकी आहेत. त्यांचं काय करायचं हे आपल्याला कळत नाही, अडचण तिथं आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकानं दरवर्षी किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं आलं. चांगली गोष्ट आहे. मूळ मजकुरात हे तास स्थानिक, राज्य आणि राष्ट्रीय पातळीवरच्या कार्यशाळांतून मिळावेत आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांतूनही मिळावेत, असं सगळं एकत्र आहे. पण कार्यशाळा घ्यायची म्हणजे माणूस लागतो, खोली लागते, चहा लागतो, नंतर त्याचं बिल मंजूर व्हावं लागतं. ऑनलाइन तासाला यातलं काही लागत नाही. तो आपोआप मोजला जातो आणि मोजलेलं वरच्या बैठकीत दाखवता येतं. म्हणून धोरणातली कार्यशाळा बारीक होत गेली आणि मीटर पळायला लागलं.

आपल्याकडे हे नेहमी असंच होतं असंही नाही. १९७५-७६ मध्ये 'साइट' नावाचा उपग्रह दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत संच बसवले. महाराष्ट्र त्यात नव्हता, आपण शेजारच्या मध्य प्रदेश, आंध्र आणि कर्नाटकाकडे बघत राहिलो. त्याच प्रयोगात जवळपास ५० हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचं प्रशिक्षण दिलं गेलं. तेव्हाच्या मंडळींनी नुसता टीव्ही लावून दिला नाही. कार्यक्रम संपला की रेडिओ, छापील साहित्य, हातानं करायचे प्रयोग आणि गटाला बोलतं करणारा एक माणूस, असं सगळं जोडलं होतं. पडदा थोडा वेळ, बाकी वेळ एकमेकांची तोंडं. पन्नास वर्षांपूर्वी हे सुचलं होतं.

पुढचा प्रवास वाचकांना ठाऊक आहे. १९८६ च्या धोरणातून जिल्ह्याजिल्ह्यात शिक्षक प्रशिक्षणाच्या डाएट संस्था आल्या, २००४ मध्ये एज्युसॅट हा शिक्षणासाठीचा उपग्रह उडाला, २०१७ च्या शिक्षकदिनी दीक्षा हे ऑनलाइन व्यासपीठ आलं. २०१९ मध्ये निष्ठा हे शिक्षक प्रशिक्षण सुरू झालं तेव्हा समोरासमोर बसून शिकायचं होतं, ४२ लाख शिक्षकांचं उद्दिष्ट होतं. कोरोनात ते दीक्षावर गेलं. तेव्हा दुसरा इलाजही नव्हता. शाळा उघडल्या, पण सवय राहून गेली. बारा आणि चोवीस वर्षांच्या सेवेनंतर मिळणाऱ्या वरिष्ठ आणि निवड श्रेणीचं प्रशिक्षण राज्यानं २०२२ मध्ये ऑनलाइनच घेतलं, वर प्रत्येकी दोन हजार रुपये शुल्क. ज्या प्रशिक्षणावर पगार अडकलेला असतो त्यात माणूस काय शिकतो? शेवटच्या पानापर्यंत कसं पोचायचं, ते.

आणि "शिक्षकांना तंत्रज्ञान जमत नाही" हे वाक्य आता कुणी माझ्यासमोर बोलू नये. शाळेच्या माहितीचं यू-डायस भरणारे तेच, पगाराचं शालार्थ तेच, पोषण आहाराची रोजची माहिती तेच, पोरांचे आधार जुळवणारे तेच. डोंगराआड रेंज नसली की मोटारसायकल काढून फाट्यावर जातात आणि बाभळीखाली उभं राहून माहिती पाठवतात. एवढं तंत्रज्ञान कोणत्या व्यवसायातला माणूस रोज वापरतो? फक्त ते वर्गाच्या दाराबाहेर थांबतं.

डी.एड., बी.एड.मध्ये तरी वेगळं काय घडतं? बी.एड. दोन वर्षांचं झालं, त्यात आयसीटीचा स्वतंत्र घटक आला. सराव पाठाच्या टाचणात "साधन : प्रोजेक्टर" लिहायची पद्धत पडली. तो प्रोजेक्टर पुष्कळदा टाचणातच राहतो.

आता त्याच मॅडमची दुसरी गोष्ट. त्यांच्या पहिलीच्या वर्गातली बहुतेक मुलं घरी गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची भाषा बोलतात. आईला याडी म्हणतात, भाकरीला बाटी, आणि चित्रातल्या पळसाकडे बोट दाखवलं की केसुला. आमचा तालुका पोहरादेवीचा. देशभरातले बंजारा जिथं काशी म्हणून येतात तिथल्या शाळेत सहा वर्षांचं पोर पहिले दोन महिने मुकं बसतं, कारण पुस्तकाची भाषा त्याची नाही. धोरण म्हणतं, शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा. पण २०११ ची जनगणना ही भाषा बंजारी आणि लमाणी या नावांनी हिंदीच्या पोटात मोजते. मॅडम स्वतः गोरमाटी बोलत नाहीत. तर त्यांनी काय केलं? तांड्यावरच्या एका आजीकडून कोल्ह्याची गोष्ट मोबाइलवर रेकॉर्ड करून आणली आणि वर्गात लावली. दुसऱ्या मिनिटाला एक मुकं पोर उठून उभं राहिलं आणि भांडायला लागलं. त्याच्या घरच्या गोष्टीत कोल्हा बुडत नाही. मग दुसऱ्याच्या घरचा कोल्हा निघाला. त्या दिवशी फळ्यावर मराठीत आणि गोरमाटीत मिळून अकरा शब्द लिहिले गेले.

हे त्यांना कुठल्याही व्हिडिओनं शिकवलं नव्हतं. आणि शेजारच्या शाळेतल्या सरांना हे कळायची सोयही नाही.

परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींचं नाव आपण अभिमानानं घेतो. २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पुस्तकातले क्यूआर कोड आधी त्यांच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आले, नंतर राज्याच्या पाठ्यपुस्तकांत. म्हणजे गोष्ट खालून वर गेली. आपण कोड उचलला. शिक्षकानं स्वतः काहीतरी तयार करणं, ते मात्र उचललं नाही. शिक्षकाला पुन्हा प्रेक्षकात बसवलं.

माझी मागणी फार मोठी नाही. पन्नासपैकी निम्मे तास आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेला द्या. प्रत्येकानं आपल्या वर्गातलं पाच मिनिटांचं चित्रण आणावं, जमलेलं नसलं तरी चालेल, खरं तर तेच आणावं. दहा जणांनी बघावं, विचारावं, भांडावं. ते तास मोजावेत. डी.एड.च्या मुलांनाही तिथं मागच्या रांगेत बसू द्यावं.

शिक्षण परिषदा मी पुष्कळ पाहिल्यात, तेव्हा मला फार भाबडा समजू नका. परिपत्रकाचं वाचन, पोहे, फोटो, सह्या. केंद्रप्रमुखाची जागा रिकामी असते आणि कार्यभार असतो त्याच्याकडे आधीच एक केंद्र असतं. वर्गाचं चित्रण दाखवायला धीर लागतो, तो असा हुकमानं येत नाही. पहिले सहा महिने नाटकी पाठच येतील. येऊ द्यावेत. आवाज बंद करून चाललेल्या व्हिडिओपेक्षा नाटकी पाठ बरा, त्याला निदान कुणीतरी हसेल.

निघताना मॅडमनी मोबाइल हातात दिला. आजीची आणखी दोन गाणी घ्यायची होती, पण जागा भरल्याचा निरोप येत होता. "सर, प्रशिक्षणाचे व्हिडिओ उडवू काय?"

मी म्हटलं, आधी प्रमाणपत्र उतरवून घ्या.