नव्याने बांधलेली जीप आणि राज्यांच्या सीमा

यशवंतपूर हे नाव महाराष्ट्रातील एखाद्या गावाचे वाटावे असे. परंतु बंगळुरूच्या या भागात नोकरीनिमित्त येणाऱ्या मराठी माणसाची येथील केए-०४ परिवहन कार्यालयाशी गाठ पडली, की परराज्य म्हणजे काय ते कळते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या गाडीस तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो आणि त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. कारखान्यातून आलेली साधी गाडी या व्यापातून पार पडते. खरी अडचण आहे ती जुनी जीप सांगाड्यापासून नव्याने बांधून घेणाऱ्या हौशी माणसाची.

हरियाणातील मंडी डबवाली येथे तर अशा जीप बांधून देण्याचा व्यवसायच उभा आहे. सांगाडा एकाचा, इंजिन दुसऱ्याचे, टप तिसऱ्याचा. नव्या राज्यातील निरीक्षक चासी क्रमांकाची पेन्सिल प्रिंट घेतो, इंजिन क्रमांक व इंधन ताडून पाहतो आणि काही जुळले नाही तर प्रकरण थांबवतो. त्याला दोष देणे मला योग्य वाटत नाही. चोरीच्या गाड्याही याच वाटेने कागदावर 'शुद्ध' होतात, आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत फेरफार चालणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये बजावले आहे. सही त्याची, जबाबदारीही त्याची.

विम्याचे गणित निराळे. अपघातात सापडलेल्या त्रयस्थाविरुद्ध विमा कंपनीला घेता येणारे बचाव कायद्याने मोजकेच ठेवले आहेत. पादचाऱ्याची भरपाई सहसा बुडत नाही. मालकाच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा मात्र न कळवलेल्या फेरफारापायी फेटाळला जाऊ शकतो. वर्षानुवर्षे हप्ता स्वीकारला जातो. प्रश्न विचारला जातो तो दाव्याच्या वेळी.

राज्यघटनेने वाहनकर राज्यसूचीत ठेवला आणि यांत्रिक वाहनांचा विषय समवर्ती सूचीत. परिणामी गाडीची ओळख आणि कराची वसुली एकाच खिडकीत मिसळली. तीस दिवसांहून अधिक राहणाऱ्या परराज्यातील गाडीकडून आजीवन कर घेण्याची कर्नाटकाची २०१४ ची दुरुस्ती तेथील उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये रद्द केली, ती याच ओढाताणीतून. २०२१ च्या भारत मालिकेने बदलीवर फिरणाऱ्या आम्हा केंद्रीय नोकरांचा कराचा प्रश्न बराच सोडवला. पण तिने गाडीची ओळख पटवण्याचा प्रश्न सुटत नाही. त्याच वर्षीचे व्हिंटेज नियम पन्नास वर्षांवरील, मोठा फेरफार न झालेल्या गाड्यांसाठी आहेत.

माझे मत असे, की बदललेल्या गाडीची तांत्रिक तपासणी एकदाच, पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्य संस्थेकडून व्हावी, तिचा दाखला 'वाहन' या संगणकीय नोंदवहीत चढावा आणि तो सर्व राज्यांवर बंधनकारक असावा. नव्या कार्यालयाने एवढेच पाहावे, की समोरची गाडी नोंदीतलीच आहे का. कर त्याने खुशाल घ्यावा, पण राहण्याच्या काळापुरता. आज नवा कर आधी भरावा लागतो आणि जुन्याच्या परताव्यासाठी मूळ राज्याचे उंबरठे नंतर झिजवावे लागतात. दरम्यान पैसा माणसाचाच अडकतो.

तोवर अशी जीप घेऊन निघणाऱ्याने फेरफाराची नोंद मूळ कार्यालयातच करून घ्यावी, विमा कंपनीला लेखी कळवून पोच ठेवावी, आणि मगच ना हरकत प्रमाणपत्र मागावे.