पिंक फ्लॉइडच्या अधिकृत अल्बममध्ये चोरून केलेलं रेकॉर्डिंग कसं आलं?

१२ डिसेंबर २०२५ ला पिंक फ्लॉइडच्या ‘विश यू वेअर हिअर’ची पन्नाशीची आवृत्ती आली. त्यात २६ एप्रिल १९७५ चा लॉस एंजेलिसमधला लाइव्ह कार्यक्रम आहे. गंमत म्हणजे हे रेकॉर्डिंग बँडचं नाहीच! माइक मिलार्ड नावाच्या चाहत्याने ते प्रेक्षकांत बसून गुपचूप केलं होतं. रेकॉर्डर व्हीलचेअरमध्ये लपवून आत नेणारा म्हणून हा माणूस प्रसिद्ध. आता स्टीव्हन विल्सनने ते साफ केलं आणि सोनी ते विकतेय. मिलार्ड मात्र १९९४ मध्येच गेला.

मग बँड स्वतःचा साठा बाहेर का काढत नाहीत? कधी चांगली टेपच नसते, कधी वादनातल्या चुका लोकांपुढे नको असतात. आणि कधी काढतात तेही कायद्यापोटी. युरोपात रेकॉर्डिंग ५० वर्षांत प्रकाशित केलं नाही तर त्यावरचा हक्क संपतो, केलं तर ७० वर्षांपर्यंत जातो. म्हणून २०१२ मध्ये बॉब डिलनच्या जुन्या रेकॉर्डिंगच्या जेमतेम १०० प्रती काढल्या होत्या. ऐकणाऱ्यांसाठी नाही, हक्क टिकवण्यासाठी!

इंजिनिअर म्हणून मला जास्त कौतुक बूटलेग जपणाऱ्यांचं वाटतं. फाइल एफएलएसी फॉरमॅटमध्येच द्यायची, कारण एमपी३ करताना आवाजातली माहिती कायमची जाते. सोबत एक साधी टेक्स्ट फाइल: माइक कुठला, कितव्या कॉपीवरून घेतलं, टेपचा वेग दुरुस्त केला का. शिवाय चेकसम, म्हणजे फाइलचा ठसा. एक बिट बदलला तरी ठसा जुळत नाही. इतकी शिस्त मी कित्येक ऑफिसांच्या बॅकअपमध्येही पाहिलेली नाही.

सगळे बँड सारखे नाहीत. ग्रेटफुल डेडने १९८४ मध्ये टेप करणाऱ्यांना वेगळी जागाच दिली. पर्ल जॅमने २००० च्या दौऱ्याचे कार्यक्रम स्वतःच स्वस्तात विकले. माझ्या मते बूटलेगवर हाच उतार आहे. फुकट देवाणघेवाण आणि चोरीच्या सीडी विकणं यांत मी फरक करतो, कायदा फारसा करत नाही.

याच मिलार्डने २१ जून १९७७ ला लेड झेपेलिनचाही कार्यक्रम टेप केला होता. चाहत्यांमध्ये तो अतिशय गाजलेला. पण तो ऐकायचा तर आजही बूटलेगच शोधावा लागतो.