जाहीर आवाहन : बदकं पिलं घेऊन निघाली आहेत, वाट मोकळी ठेवा

गोदाकाठच्या शेतकरी बंधू-भगिनींनो, मासेमारी करणाऱ्या भावांनो, शाळांमधल्या गुरुजनांनो आणि सुट्टीच्या दिवशी नाशिकहून बंधारा बघायला येणाऱ्या मंडळींनो,

नांदूर मध्यमेश्वरला थंडीत केवढी गर्दी होते, ते आपण दरवर्षी पाहतो. गळ्यात दुर्बिणी अडकवलेली माणसं लांबून लांबून येतात, चापडगावच्या मनोऱ्यावर पहाटेपासून रांग लागते आणि परदेशातून आलेल्या बदकांचं कौतुक होतं. ते व्हायलाच हवं. गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमापाशी १९०७ ते १९१३ या काळात हा बंधारा बांधला गेला. त्याच्या मागे गाळ साचत गेला, उथळ पाणी आणि बेटं तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि पक्षी येऊ लागले. १९८६ साली अभयारण्य झालं. २०२० मध्ये रामसर यादीत नाव लागलं, आणि तेही महाराष्ट्रात सर्वांत आधी. एवढं सगळं आपल्या दारात आहे.

पण फाल्गुन-चैत्रात पाहुणे पक्षी परत गेले की माणसंही पाठ फिरवतात. बारा महिने आपल्याच पाण्यावर राहणारी बदकं मात्र इथेच असतात आणि पावसाळा सुरू झाला की ती अंडी घालतात. त्यांचं घरटं अभयारण्याच्या हद्दीत असेलच असं नाही. ते तुमच्या उसाच्या कडेला, मक्याच्या बांधावर, पाटाच्या भरावावरच्या गवतात किंवा पडीक तुकड्यातल्या झुडपाखाली असतं. वरच्या धरणांतून पाणी सुटलं की नदीकाठचं गवत एका रात्रीत पाण्याखाली जातं, हे आपण जाणतोच. पाण्यापासून थोडं लांब, उंचावर केलेलं घरटं तेवढं वाचतं. म्हणजे या बदकांची पुढची पिढी वनखात्यापेक्षा जास्त आपल्याच हातात आहे. म्हणून हे आवाहन.

सगळ्यांच्या ओळखीचं बदक म्हणजे हळदी-कुंकू. अंगावर करड्या-तपकिरी खवल्यांची नक्षी, काळ्या चोचीचं टोक पिवळंधमक आणि चोचीच्या बुडाशी दोन लाल ठिपके. या बदकाचं घरटं म्हणजे जमिनीवरच गवत दाबून केलेला, जेवणाच्या ताटाएवढा खळगा. त्यात मादी स्वतःच्या छातीवरची मऊ पिसं उपटून अंथरते. त्या करड्या पिसांवर साधारण आठ ते बारा फिकट अंडी असतात. अंडी उबवायला बसलेली मादी मान जमिनीशी सपाट करून इतकी निश्चल राहते की माणूस दोन पावलांवर आला तरी दिसत नाही. अगदी पायाखाली येण्याची वेळ आली तरच ती भर्रकन उडते. खुरपणीला किंवा चारा कापायला गेल्यावर पायापाशी असं काही उडालं, तर जागच्या जागी थांबा. पुढचं पाऊल अंड्यांवर पडू शकतं.

आता एक गोष्ट नीट समजून घेऊ या, कारण सगळ्यात जास्त घरटी तिच्यापायी जातात. मादी रोज एक अंडं घालते, पण पहिल्या अंड्यापासून उबवायला बसत नाही. सगळी अंडी पुरी होईपर्यंत ती दिवसातून थोडाच वेळ येते, अंडं घालते आणि निघून जाते. आठवडा-दीड आठवडा अंडी थंडच पडलेली असतात. त्याने काही बिघडत नाही. उलट सगळ्या अंड्यांना ऊब एकाच दिवसापासून मिळते, म्हणून पुढे सगळी पिलं जवळजवळ बरोबरच बाहेर पडतात. उबवणं सुरू झाल्यावरही मादी खाण्यासाठी उठते, आणि जाताना अंड्यांवर पिसं पांघरून जाते. आपल्याला मात्र दिसतात ती थंड, बेवारस अंडी. ‘आई टाकून गेली’ म्हणून कुणीतरी दयेपोटी ती घरी आणतं आणि खुडूक कोंबडीखाली ठेवतं. कोंबडी ती उबवेलही. पण पिलांना पाण्यावर नेणं तिला येत नाही, पाणकिडे कुठे मिळतात ते तिला ठाऊक नसतं आणि लव्हाळ्यात दडून कसं बसायचं हे ती शिकवू शकत नाही. अशी पिलं जगली तरी अंगणातच अडकतात. तिकडे खरी आई संध्याकाळी परतते तेव्हा खळगा रिकामा असतो.

तेव्हा कळकळीची विनंती : अंडी उचलू नका, हात लावून बघू नका, मोबाइलवर फोटो काढण्यासाठी गवत बाजूला करू नका. गवत तुडवून तुम्ही जी वाट पाडाल, त्याच वाटेने मागाहून कुत्रं किंवा मुंगूस येतं. खूण ठेवायची असेल तर चार हात लांब एक साधी काठी रोवा. तिला रंगीत फडकं बांधू नका, कावळे फार हुशार असतात. घरट्याभोवती चार-पाच पावलांचं गवत उभं राहू द्या आणि तिथे तणनाशक मारू नका. उबवणीला साधारण २४ दिवस लागतात. म्हणजे अंडी घालायला लागल्यापासून पिलं निघेपर्यंत महिना-सव्वा महिना. अख्खा बांध सोडा असं म्हणणं नाही. वैरण उरलेल्या बांधावर मिळेल. सोयाबीन काढायला यंत्र येणार असेल किंवा गवत कापायला मजूर लावणार असाल, तर घरट्याची जागा त्यांना आधी सांगा. मालकाला माहीत असतं आणि यंत्र चालवणाऱ्याला कुणी सांगितलेलंच नसतं, असं घडू नये.

पाण्यालगतची जुनी, ढोलीची झाडंही या दिवसांत तोडू नका. शीळ घालत उडणारी अडई अशा ढोलीत अंडी घालते. तिच्यात नर आणि मादी आळीपाळीने उबवतात, आणि पिलं वरून थेट खाली उड्या घेतात. अंगाने कापसासारखी हलकी असल्याने त्यांना बहुधा इजा होत नाही. खाली पडलेली दिसली म्हणून उचलून पुन्हा ढोलीत ठेवू नका.

पिलं निघाल्यानंतरचा पहिला दिवस सर्वांत धोक्याचा. अंडं फोडून बाहेर येण्याआधीच पिलं आतून बारीक आवाज करू लागतात. आईचा आवाज ती तिथेच ओळखायला शिकतात. अंग वाळलं की बहुधा दुसऱ्या दिवशीच आई त्यांना घेऊन चालत निघते, कारण ती पिलांना चोचीत धरून नेत नाही आणि पिलांना उडायला अजून दीड-दोन महिने लागणार असतात. घरट्यापासून पाण्यापर्यंतचं हे अंतर कधी शंभर पावलं असतं, कधी बरंच जास्त. वाटेत डांबरी रस्ता, मोकाट कुत्री, उघडी गटारं आणि पाटाच्या सरळसोट काँक्रीट भिंती येतात. बदकांना आपली मदत लागते ती इथे, आणि ती कशी करायची हे माहीत असलं पाहिजे.

रस्त्यावर आई आणि मागे पिलांची रांग दिसली तर गाडी थांबवा. दोन माणसं असाल तर दोन्ही बाजूंची वाहनं हात दाखवून थांबवा, पण स्वतःचा जीव धोक्यात घालू नका. पिलांना हाकू नका, टाळ्या वाजवू नका. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे आईला पकडायचा प्रयत्न कधीही करू नका. ती घाबरून उडून गेली की पिलं रस्त्यावर पांगतात आणि मग त्यांना गोळा करणं कठीण होतं. आई पंख मोडल्यासारखी फडफडत तुमच्यापुढे लंगडू लागली, तर ती जखमी झाली असं समजू नका. तुमचं लक्ष पिलांवरून काढून घेण्यासाठी ती तसं करते. तुम्ही मागे सरकलात की ती पिलांकडे परतते.

एखादं पिलू गटारात किंवा पाटात पडलं तर मात्र हात घालून काढा. माणसाचा हात लागला म्हणून आई पिलाला टाकत नाही. झाकणाला भोकं पाडलेल्या खोक्यात कोरडं सुती कापड घाला, त्यात पिलू ठेवा आणि खोकं सावलीत, आईला पिलाचा आवाज ऐकू जाईल इतक्या जवळ न्या. तिथे पिलू सोडून लांब व्हा. त्याला बादलीत किंवा टबात पोहायला सोडू नका. बदकाचं पिलू म्हणजे पाणी हवंच, असं आपल्याला वाटतं. पण आईच्या उबेशिवाय पाण्यात राहिलेलं पिलू भिजतं, गारठतं आणि मरतं. दूध, पाव, भात यातलं काहीही भरवू नका. आई कुठेच दिसत नसेल तर लांब थांबून तास-दोन तास वाट पाहा. तरीही ती आली नाही, तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा किंवा आपल्या गावच्या वनरक्षकाला बोलवा.

आता शेततळ्यांबद्दल. आपल्या तालुक्यात द्राक्षबागांच्या आधाराला शेततळी झाली आणि २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर ती राज्यभर वाढली. बागा त्यांच्यावर तगतात. त्यांना कुणाची हरकत नाही. पण प्लॅस्टिकच्या अस्तराचं शेततळं छोट्या जिवाला सापळा ठरतं. आई चकाकतं पाणी बघून पिलांना आत उतरवते. बाहेर पडताना ओल्या, शेवाळलेल्या अस्तरावरून पिलं घसरतात, पुन्हा चढतात, पुन्हा घसरतात. आई काठावरून हाका मारत राहते. दिवसभरात पिलं थकून जातात. आत ना लव्हाळा, ना चिखल, ना खायला पुरेसे किडे. उपाय फार स्वस्त आहे. काथ्याचा जाड दोर घ्या, हातभर अंतरावर गाठी मारा आणि वरच्या खुंटापासून पाण्यात दोन-तीन हात बुडेल इतका सोडा. त्याला जुनी गोणपाटं एकाला एक शिवून जोडा आणि खालच्या टोकाला वाळूची पिशवी बांधा. पाण्याची पातळी खाली गेली तरी गोणपाट पाण्यात राहील एवढी लांबी ठेवा. अशी चार कोपऱ्यांत चार. गोणपाटावर पिलांच्या नखांना पकड मिळते. घोरपड, मांजर, कोल्हाही त्यावरून वर येतो. आणि शेततळ्यात पाय घसरून पोरं गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. तोच गाठींचा दोर उद्या एखाद्या लेकराच्या हाताला लागेल. एवढ्या एका कारणासाठी तरी प्रत्येक शेततळ्यावर तो असायला हवा.

मासेमारी करणाऱ्या भावांना सांगणं एवढंच. श्रावणापासून अश्विनापर्यंत तंगुसाची जाळी पाणकणसाच्या आणि लव्हाळ्याच्या कडेला रात्रभर लावून ठेवू नका. पिलं आणि आया नेमक्या तिथेच रात्र काढतात, आणि पाण्याखाली तंगूस त्यांना दिसत नाही. जाळी खोल पाण्याकडे लावा, लावल्यावर फेरी मारा आणि फाटलेले तुकडे काठावर न टाकता घरी घेऊन या. पाणी आणि पाखरं तुमच्याइतकी कुणी ओळखत नाही. पिलं कुठल्या कोपऱ्यात आहेत, हे बाकीच्यांना तुमच्याकडूनच कळायचं आहे.

काठावर फिरायला येणाऱ्यांनी पाव, बिस्किटं, फरसाण, कुरमुरे पाण्यात टाकू नयेत. पहिले काही आठवडे पिलांचा भर पाणकिडे, डासांच्या अळ्या, बारीक गोगलगायी अशा सकस खाण्यावर असतो. त्यावरच हाडं आणि पंख घडतात. पावाने पोट भरतं, अंग भरत नाही. शिवाय टाकलेल्या खाण्यावर कुत्री आणि कावळे जमतात, आणि पुढे काय होतं ते सांगायला नको. आपलं पाळीव कुत्रं सोबत असेल तर साखळी सोडू नका. घरी पाळलेली बदकं नकोशी झाली म्हणून नदीत सोडू नका. ती हळदी-कुंकवाशी जोडी जमवतात आणि रानातल्या बदकाचं वाण बिघडतं.

भाद्रपदात गणपती येतात तेव्हा पाण्यावर पिलं असतात. विसर्जन ग्रामपंचायतीच्या कृत्रिम हौदात करावं, आणि नदीवरच करायचं असेल तर गवताळ काठ सोडून घाटावर करावं. फटाके आणि मोठे आवाज काठापासून लांब ठेवावेत. जलपर्णी काढायची मोहीम जरूर व्हावी, पण ती उन्हाळ्यात, जूनच्या आत. ऐन पावसाळ्यात यंत्र घातलं की जलपर्णीबरोबर काठचं गवत आणि त्यातली घरटीही जातात.

कायद्याचंही सांगून ठेवतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येतच रानपक्ष्यांची अंडी घेणं, फोडणं आणि घरटी विस्कटणं येतं. अंडी खायला किंवा विकायला नेणं हा गुन्हा आहे. कुणी तसं करताना दिसलं तर आधी समजावून सांगा, आणि ऐकत नसेल तर १९२६ वर कळवा.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आपल्या गावापुरते तीन ठराव मांडायचे आहेत : पाण्यालगतचं गवत दिवाळीपर्यंत कापू अथवा जाळू नये, गावातल्या प्रत्येक शेततळ्यावर गाठींचा दोर आणि गोणपाट असावं, आणि गावाजवळच्या पाटाच्या उभ्या भिंतीला ठिकठिकाणी चढण करून द्यावी म्हणून पाटबंधारे खात्याला पत्र जावं. सभेला या आणि घरातल्या पोरांनाही आणा. ज्यांना दोर आणि गोणपाटं लावायला माणसं हवी असतील, त्यांनी सभेतच नाव सांगावं. पोळ्याच्या आत सगळी तळी पुरी करायची आहेत. आम्ही काथ्या घेऊन येतो, जुनी गोणपाटं तुम्ही काढून ठेवा.

आपले,
गोदाकाठचे पक्षीप्रेमी गावकरी