कुंपणाचे झाड आणि अंगणाचे झाड

भालकीचे आमचे एक स्नेही गतवर्षी सेवानिवृत्त झाले आणि गावाबाहेरील वडिलार्जित जागेवर त्यांनी लहानसे घर बांधले. घर पुरे झाले, वास्तुशांतीही झाली, आणि मग अंगणाचा प्रश्न उभा राहिला. त्यांचे चिरंजीव अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात नोकरीस असतात. त्यांनी तिकडच्या ‘ब्लॅक ॲश’ नावाच्या वृक्षाचे, शरद ऋतूत पिवळ्याधमक झालेल्या पानांसह घेतलेले छायाचित्र पाठविले आणि त्याचे बी येताना घेऊन येतो, असे कळविले. वडिलांचा हिशेब निराळा. शेताच्या बांधावर मोगली एरंड फुकट उभा आहे. त्याच्या फांद्या तोडून चहूबाजूंस रोवल्या की वर्ष-दोन वर्षांत कुंपण तयार, शिवाय पुढेमागे बियांचे तेल. पितापुत्रांचा हा वाद दूरध्वनीवरून बरेच दिवस चालला आणि अखेर, “हेडमास्तर, आता तुम्हीच निवाडा करा,” म्हणून आमच्या दारी आला.

आम्ही मराठीचे शिक्षक, वनस्पतिशास्त्राचे नव्हे. तथापि ह्या दोहोंपैकी एका झाडाने आम्हांस आयुष्यभर पुरेल असा धडा दिलेला आहे. म्हणून वाचकांच्या साक्षीनेच हा निवाडा करावा असे योजिले आहे.

प्रथम चिरंजीवांची बाजू पाहू. ब्लॅक ॲश हा उत्तर अमेरिकेच्या ईशान्येकडील थंड, दलदलीच्या भूमीतला वृक्ष. त्याच्या ओंडक्यावर घाव घालीत गेले की वर्षावर्षाची वलये एकमेकांपासून सुटतात आणि त्यांच्या लांब, चिवट पट्ट्या निघतात. आपल्याकडे बुरूड बांबूच्या कामट्यांपासून टोपली विणतो, तशाच ह्या पट्ट्यांपासून तेथील ओजिब्वे, मोहॉक इत्यादी आदिवासी समाज पिढ्यान्‌पिढ्या टोपल्या विणीत आले आहेत. परंतु 2002 साली डेट्रॉइट शहराच्या परिसरात पाचूसारख्या हिरव्या रंगाचा एक भुंगेरा आढळला. तो मूळचा पूर्व आशियातला. मालाच्या लाकडी खोक्यांतून आला असावा असे मानतात. त्याच्या अळ्या सालीखाली बोगदे कोरतात, झाडाचा रस वाहणे बंद पडते आणि उभे झाड वाळते. ॲशच्या जातींची कोट्यवधी झाडे अशी गेली. 2009 साली हा किडा मिनेसोटातही पोहोचला, आणि 2017 साली ब्लॅक ॲशची गणना अत्यंत संकटग्रस्त जातींत झाली. आज तेथील टोपल्या विणणारी कुटुंबे पुढच्या पिढीसाठी बी गोळा करून ठेवीत आहेत.

ह्या वृक्षाविषयी आम्हांस आदर वाटतो, तो ह्याच कारणाने. परंतु तो बीदर जिल्ह्यात कसा जगावा? त्याला बर्फाचा हिवाळा हवा, पाणथळ जमीन हवी. त्याचे बी रुजावयासच पुष्कळदा दोन-दोन वर्षे घेते. आमच्याकडे बीदरच्या पठारावर तांबडा जांभा, कलबुर्गीकडे उतरले की काळी माती. चैत्र-वैशाखात पारा चाळिशीपार जातो आणि जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शिवाय परदेशी बी खिशात घालून आणणे हा कायद्याचा भंग आहे. 2003 च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार त्यास परवाना व रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. खोक्यातून आलेल्या एका किड्याने एका खंडाची वने उजाड केली, हे वाचल्यावर तो कायदा कोणासही जाचक वाटू नये.

आता वडिलांची बाजू. मोगली एरंड, म्हणजेच शास्त्रज्ञांचा जट्रोफा, हाही मुळात पाहुणाच. मेक्सिको व मध्य अमेरिका हे त्याचे माहेर. पण तो इतका रुळला की आम्ही त्याला चंद्रज्योत असे गोड नाव दिले, आणि आमचे कानडी शेजारी त्याला काडुहरळु म्हणतात. त्याचे गुण आम्ही नाकारीत नाही. फांदी रोवली की जगते. उन्हाळा सोसते. बियांत तिसरा हिस्सा तेल असते. पूर्वी बिया काडीत ओवून दिव्यासारख्या जाळीत. आणि ज्या गुणामुळे शेतकऱ्याने त्याला बांधावर आणले तो गुण असा, की गुरे त्याला तोंड लावीत नाहीत.

2002 च्या 31 डिसेंबरला दिल्ली-अमृतसर शताब्दी एक्स्प्रेस शेकडा 5 जैवडिझेल मिसळून चालविण्यात आली, आणि ह्या कुंपणाच्या झुडपाचे भाग्य उजळले. 2003 साली नियोजन आयोगाच्या समितीने लक्षावधी हेक्टरांवर त्याची लागवड सुचविली. पडीक माळावर डिझेल पिकणार, अशी भाषा गावोगाव ऐकू येऊ लागली. 2009 च्या राष्ट्रीय धोरणाने 2017 पर्यंत शेकडा 20 मिश्रणाचे लक्ष्य ठेविले. प्रत्यक्षात घडले ते असे, की पाण्यावाचून झुडूप जगते, पण पाण्यावाचून फळत नाही. फळे एकदम पिकत नाहीत. पुनःपुन्हा हाताने तोडावी लागतात आणि मजुरीतच उत्पन्न संपते. पेंड विषारी, म्हणून जनावरांपुढे घालता येत नाही. 2018 च्या नव्या धोरणात जैवडिझेलचे लक्ष्य शेकडा 5 वर आले आणि मुदत गेली 2030 वर.

त्या उत्साहाच्या दिवसांत आम्ही सीमेवरील एका खेड्यात सहशिक्षक होतो. शाळेला भिंत नव्हती. शेळ्या व्हरांड्यापर्यंत येत. आम्हीच पुढाकार घेऊन मुलांकरवी चहूकडे मोगली एरंडाच्या फांद्या रोवल्या. कुंपण होईल, माळाचे सोने कसे होते हे मुलांना दिसेल, असे आम्ही शाळेच्या सभेत मोठ्या अभिमानाने सांगितले. टाळ्याही मिळाल्या. दोन वर्षांत कुंपण छातीएवढे झाले आणि शेळ्या बाहेर राहिल्या.

तिसऱ्या वर्षी, पावसाळा सरता सरता, मधल्या सुट्टीनंतर दुसरीच्या वर्गातील एक मुलगा ओकू लागला. पाठोपाठ दुसरा, मग तिसरी. अर्ध्या तासात सात मुले पोट धरून बसली. फळे फोडून आतला गर त्यांनी खाल्ला होता. “शेंगदाण्यावाणी लागतंय, गुरुजी,” असे त्यांतील एक जण कण्हत म्हणाला. ह्या बियांत विष असते हे आम्हांस ऐकून ठाऊक होते; मुलांना सांगावयाचे मात्र राहून गेले होते. जीप मिळाली नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मुलांना घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेले. त्या रस्त्यातला प्रत्येक खड्डा आम्हांस आजही आठवतो. रात्रभर सलाइन चालले आणि ईश्वरकृपेने दुसऱ्या दिवशी सातही मुले घरी परतली.

कोणी आम्हांस दोष दिला नाही. केवळ त्या मुलाची आई, रात्री दवाखान्याच्या पायरीवर बसलेली, हलक्या आवाजात म्हणाली, “गुरुजी, ढोरांना कळतंय ते. लेकरांना कसं कळावं?”

ज्या गुणाचे आम्ही सभेत कौतुक केले होते, तोच धोक्याचा इशारा होता. गुरे का खात नाहीत, हा प्रश्न एम. ए. झालेल्या आम्हांस पडला नाही. आठवडाभरात ते कुंपण आम्ही स्वतःच्या हातांनी खणून काढले, मुळांसकट. चीक लागून हात चिकट झाले. ते काम मुलांना मात्र लावले नाही.

मग त्या जागी काय लावले? तरवड. आमच्या माळावर आपोआप उगवणारे, पिवळ्या फुलांचे हे झुडूप सर्वांच्या पाहण्यातले आहे. हेच तेलंगणाचे तंगेडु. बतुकम्माच्या फुलांच्या उतरंडीत त्याचा मान मोठा. सालीचा उपयोग कातडी कमावण्यास होतो. जनावरे त्याच्या वाटेस सहसा जात नाहीत, आणि त्याची फुले तर माणसे उकळून पितात. मध्ये मध्ये मेंदी लावली. कुंपण दाट होण्यास एक वर्ष अधिक लागले, इतकेच. आवाराच्या मध्यभागी कडुलिंब लावला. पाडव्याला आमच्याकडे मराठी घरांतून कडुलिंबाची चटणी होते, कानडी घरांतून बेवु-बेल्ल वाटतात. पाला मात्र दोघेही त्याच झाडाचा नेतात.

असो. स्नेह्यांच्या अंगणाचा निवाडा आम्ही असा केला. जेथे नातवंडे खेळणार तेथे मोगली एरंड नको. बांधावरचा असेल तोही घरापासून लांब ठेवावा आणि फळ दाखवून प्रत्येक मुलास त्याचे नाव व अवगुण दोन्ही सांगावे. कुंपणास तरवड व मेंदी. कडुलिंब हवाच, परंतु भिंतीपासून व आडापासून 15 ते 20 फूट दूर. आणि चिरंजीवांच्या हौसेसाठी पारिजातक.

पारिजातकाचे नाव ऐकून स्नेही हसले. त्यांना वाटले, आम्ही मुलाची समजूत घालीत आहोत. तसे नव्हते. वनस्पतिशास्त्राच्या वर्गीकरणात ॲश, पारिजातक, जाई आणि मोगरा ही एकाच कुळातली मंडळी आहेत. मिनेसोटाच्या दलदलीतला तो वृक्ष आमच्या अंगणात येऊ शकत नाही. त्याचे सोयरे मात्र आपल्या आज्यांनी केव्हाच आणून ठेविले आहेत.

चिरंजीव दिवाळीत आले होते. रोप त्यांनीच लावले. तिकडे परतल्यापासून दर रविवारी फोनवर ते प्रथम आईवडिलांची प्रकृती विचारतात आणि नंतर झाडाची, असे स्नेही सांगतात. आम्ही परवा जाऊन पाहिले. रोप गुडघ्याएवढे झाले आहे, आणि तरवडाच्या ओळीत अजून दोन-तीन ठिकाणी खिंडारे आहेत. शेजारची शेळी तेथून आत येते. तिला हाकलण्यास आमच्या स्नेह्यांना निवृत्तीत वेळ पुष्कळ आहे.