साखळदंडाचे चुंबन

रोमची यात्रा करून आलेल्यांची प्रवासवर्णने आपण आवडीने वाचतो. त्यांपैकी बहुतेकांत प्रवासी केवळ नतमस्तक होतो. घुमटाची उंची, संगमरवराची झळाळी, पोपमहोदयांचे ओझरते दर्शन, आणि पुढचे पान! परक्या परंपरेतील माणसाला तेच रोम कसे दिसले, हे वाचण्याची आपल्याला गरजच भासत नाही. या अनास्थेला श्रद्धा म्हणणाऱ्यांशी माझा वाद आहे.

ल्युबोमिर नेनादोविच (१८२६-१८९५) या सर्बियन लेखकाचे नाव त्याच्या देशाबाहेर आज क्वचितच कानी पडते. त्याचे वडील ऑर्थोडॉक्स धर्मगुरू (त्या परंपरेत धर्मगुरू विवाहित असू शकतो) आणि तुर्की सत्तेविरुद्ध १८०४ साली झालेल्या उठावाचे एक पुढारी. १८५१ साली इटलीत नेनादोविचला सहवास लाभला तो माँटेनेग्रोचे बिशप व राज्यकर्ते, कवी पेटार न्येगोश यांचा. क्षयाने खंगलेले न्येगोश प्रकृतीसाठी नेपल्सला आले होते. त्या दिवसांची हकिकत नेनादोविचच्या इटलीहून लिहिलेल्या पत्रांत आहे.

त्यातील एक प्रसंग आपल्याला झोंबणारा आहे. रोममधील एका महामंदिरात संत पेत्राच्या म्हणून जतन केलेल्या साखळ्या आहेत. त्या न्येगोश यांच्या हाती देण्यात आल्या. त्यांनी त्या न्याहाळल्या आणि चुंबन न घेताच परत केल्या. साखळ्यांचे चुंबन घेणे ही माँटेनेग्रोच्या माणसाची रीत नव्हे, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता.

हा पवित्र अवशेषाचा अवमान आहे, कॅथलिक नियतकालिकात याला जागा कशाला, असे कोणी म्हणेल. त्याने ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा बारावा अध्याय पुन्हा उघडावा. देवदूत येतो आणि पेत्राच्या हातांतील साखळ्या गळून पडतात. ख्रिस्तसभेने त्या जपल्या त्या गळून पडल्या म्हणून! तुर्कांशी झुंजत आलेल्या डोंगरी प्रजेच्या बिशपला लोखंडात गुलामगिरी दिसली. त्याने पेत्राला नाकारले नाही, बेडीला नाकारले.

आणि नेपल्समध्ये त्याच वर्षी काय चालले होते? तिथला राजा दुसरा फर्दिनांद हा कॅथलिक. १८४८ साली पोप नववे पायस यांना रोम सोडावे लागले, तेव्हा त्यांना आश्रय मिळाला तो याच राजाच्या राज्यात. त्याच राजाच्या न्यायासनाने १८५१ च्या प्रारंभी कार्लो पोएरिओ या माजी मंत्र्याला २४ वर्षांची साखळदंडाची शिक्षा ठोठावली. दोन दोन कैदी एका साखळीला जखडलेले असत. हे जगापुढे मांडले ते ग्लॅडस्टन या प्रॉटेस्टंट इंग्रजाने. राजाच्या किती धर्मनिष्ठ प्रजाजनांना त्या साखळ्यांचा खणखणाट ऐकू आला असेल?

न्येगोश मायदेशी परतले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात, वयाच्या ३७ व्या वर्षी वारले. पोएरिओची सुटका व्हायला १८५९ साल उजाडले.