आधी माणसे, मग चित्रे

गेल्या हिवाळ्यात आम्ही उभयता जवळजवळ नव्वद दिवस नेदरलँड्समध्ये राहून आलो. आमची कन्या नोकरीनिमित्त आम्स्टरडॅमलगतच्या आम्स्टेलव्हेन या गावी राहते. यजमानांचे वय चौऱ्याहत्तर, माझे एकोणसत्तर. त्यांना मधुमेह आणि रक्तदाब. माझे गुडघे जिना दिसला की कुरकुरणारे. आपल्यापैकी अनेकांची मुले आज परदेशी आहेत आणि त्यांच्याकडे जाण्याचा योग पुष्कळदा हिवाळ्यातच येतो. म्हणून त्या मुक्कामात आमच्या हातून घडलेली एक चूक, आणि तिने शिकविलेला एक हिशेब, आज आपणांपुढे ठेवीत आहे.

त्या देशातील डिसेंबरचा दिवस फार आखूड असतो. सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि साडेचारला मावळतोही. मधले पावणेआठ तास बहुधा ढगाळ, ओलसर आणि वाऱ्याचे. एवढ्या थोड्या उजेडात सारे काही पाहून घ्यावे, असा मोह परक्या देशात होतोच. आम्हालाही झाला.

त्या दिवशीचा बेत

यजमानांचे थोरले बंधू, आमचे दादा, हेग शहरात राहतात. वय एक्क्याऐंशी. तरुणपणी नोकरीसाठी तिकडे गेले आणि तिथलेच झाले. पत्नी पाच वर्षांपूर्वी निवर्तल्या; तेव्हापासून एकटेच असतात. दोघा भावांची भेट नऊ वर्षांत झालेली नव्हती.

हेगला जायचेच आहे, तर वाटेत थोडे पाहून घेऊ, असे आम्ही ठरविले. सकाळी मॉरिट्सहाउस हे चित्रसंग्रहालय, तेथून एशर या चित्रकाराच्या कलाकृतींचे संग्रहालय, मग ट्रामने स्खेव्हेनिंगेनचा समुद्रकिनारा, आणि संध्याकाळी दादांकडे. कागदावर हा बेत अतिशय सुबक दिसत होता.

सकाळी आठला नाश्ता झाला, यजमानांनी मधुमेहाची गोळी घेतली. पहिल्या संग्रहालयात दोन तास उभ्याने गेले. ‘जेवण किनाऱ्यावर करू’ असे म्हणता म्हणता अडीच वाजले. किनाऱ्यावर उतरलो तेव्हा वारा अंगावर धावून येत होता. यजमान एकाएकी माझ्यावर चिडले. ‘कशाला आणलंस इथे?’ म्हणाले. शेहेचाळीस वर्षांच्या संसारात हा स्वर मी क्वचितच ऐकला होता. त्यांचे हात थरथरत होते. मला वाटले, थंडी. मफलर नीट करावयास गेले तर मान घामाने भिजलेली.

तो घाम पाहिला आणि मी भानावर आले. समोरच्या उपाहारगृहात त्यांना बसविले, संत्र्याचा रस मागविला आणि पिशवीतील यंत्रावर साखर तपासली. आकडा अठ्ठावन्न होता.

थंडीतील फसवी थरथर

वाचकहो, येथे थोडे थांबू या, कारण ही गोष्ट घरोघरी उपयोगाची आहे. रक्तातील साखर सत्तरच्या खाली गेली की ती कमी समजतात. मधुमेहाच्या सर्वच गोळ्यांनी असे होत नाही. परंतु इन्शुलिन घेणाऱ्यांना आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना जेवण लांबले व चालणे वाढले की हा धोका असतो. हात थरथरणे, छातीत धडधड, घाम, भूक, चिडचिड, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणे. हिवाळ्यात थरथर थंडीच्या खात्यावर जमा होते, चिडचिड थकव्याच्या, आणि घाम कोटाखाली दडून राहतो. शिवाय रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे थरथर व धडधड झाकली जाते; घाम मात्र बहुधा येतोच. म्हणून थंडीत घाम आलेला दिसला, तर मधुमेही माणसाची साखर आधी तपासावी. यंत्र जवळ नसेल तर साखर कमीच आहे असे धरून चालावे.

उपाय सोपा आहे. तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून, अथवा साधारण दीडशे मिलिलिटर फळांचा रस लगेच द्यावा. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. आकडा सत्तरच्या वर नसेल तर तेवढेच पुन्हा द्यावे. मग पोळी, पाव, बिस्किटे असे काही खाऊ घालावे. चॉकलेट यासाठी उपयोगाचे नाही; त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, तात्काळ रुग्णवाहिका बोलवावी. युरोपात त्यासाठी ११२ हा क्रमांक आहे.

यजमान अर्ध्या तासात सावरले. पण दिवस गेला तो गेलाच. दादांकडे पोचलो तेव्हा काळोख पडला होता. ते तीन वाजल्यापासून खिडकीशी बसून होते. हेगमध्ये सुरिनाममार्गे आलेल्या भारतीय वंशाच्या लोकांची मोठी वस्ती आहे. त्यांच्या दुकानातून मुगाची डाळ आणून दादांनी स्वतः खिचडी केली होती. यजमानांनी चार घास खाल्ले आणि खुर्चीतच त्यांना झोप लागली. दादा समोर बसून त्यांच्याकडे पाहत राहिले. कन्या गाडी घेऊन न्यायला आली तेव्हा एवढेच म्हणाले, ‘दमलास, बाळ. पुन्हा ये.’

परतताना गाडीत यजमान बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘नऊ वर्षांनी भावाकडे गेलो, आणि झोपून आलो.’

शक्तीचा शिधा

त्या रात्री आम्ही बेताची वही नव्याने लिहिली. उतारवयात दिवसाची शक्ती ही मोजून दिलेल्या शिध्यासारखी असते. ती सकाळी चित्रांवर खर्चिली तर संध्याकाळी माणसांसाठी उरत नाही. थंडीत हा शिधा अधिकच लवकर संपतो. त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदयाला अधिक श्रम पडतात. म्हणून आम्ही ठरविले की एका दिवशी एकच ठिकाण. दोघांपैकी ज्याची शक्ती कमी, त्याच्या मापाने बेत. जेवण घड्याळाप्रमाणे, स्थळाप्रमाणे नव्हे. आणि उजेड असतानाच घरी.

कपड्यांचेही शिकलो. एक जाड कोट घालण्यापेक्षा तीन थर बरे: अंगालगत घाम टिपणारा, मध्ये लोकरीचा, वर वारा अडविणारा. आत गेल्यावर एकेक उतरविता येतो. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झालेली असेल, तर थंड पाय शेकण्यासाठी गरम पाण्याची पिशवी लावू नये. भाजलेले कळत नाही. मोजे लोकरीचे असावेत, पण घट्ट नसावेत, आणि रात्री तळवे उजेडात पाहावेत. इन्शुलिन घेणाऱ्यांनी ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवावे. गोठलेले इन्शुलिन निकामी होते. बर्फाळ सकाळी दहापूर्वी आम्ही बाहेर पडत नसू. तिकडे रस्त्याकडेची लालसर पट्टी सायकलींची असते. चुकून तिच्यावर उभे राहणे हेही आपल्या वयाला परवडणारे नाही.

या नव्या रीतीने प्रथम आम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमला गेलो. तेथे घडीचे स्टूल मागून घेता येते. ते घेऊन आम्ही एका तासात दोनच दालने पाहिली. हेन्ड्रिक आव्हरकाम्प या चित्रकाराचे, सुमारे १६०८ सालचे, गोठलेल्या पाण्यावर खेळणाऱ्या गावाचे चित्र तेथे आहे. हा चित्रकार मुका होता. ‘काम्पेनचा मुका’ याच नावाने तो ओळखला जाई. बर्फावर सारे गाव उतरले आहे. कोणी घसरत आहे, कोणी ओझे वाहत आहे, कोणी आपटलेही आहे. आधीच्या रीतीने गेलो असतो तर या चित्रापुढून अर्ध्या मिनिटात पुढे सरकलो असतो. स्टुलावर बसून यजमानांनी पडलेली माणसे शोधून काढली आणि मनापासून हसले. त्या मुक्कामात ते प्रथमच असे हसले.

दुसरी भेट, आणि तिसरी

जानेवारीच्या अखेरीस पुन्हा हेगला गेलो, या वेळी केवळ दादांकडे. अकराला पोचलो, साडेबाराला जेवलो, तीनला निघालो. दोघे भाऊ खिडकीशी बसून आईविषयी बोलत होते. वाड्यातील भाडेकरूंची नावे आठवीत होते. एकाला पहिले नाव आठवे, दुसऱ्याला आडनाव. मी मध्ये बोलले नाही. निघताना मी सहज विचारले, ‘दादा, तुम्ही मॉरिट्सहाउसला जाता का हो कधी?’ ते म्हणाले, ‘ती होती तोवर दर हिवाळ्यात जात असू. आता धाप लागते. आणि एकट्याने कशाला जायचं?’

फेब्रुवारीत आम्ही त्यांना घेऊन गेलो. आदल्या दिवशी दूरध्वनी करून चाकाच्या खुर्चीची सोय करून घेतली होती. मोठ्या संग्रहालयांत ही सोय बहुधा असते. मात्र आधी विचारून ठेवावे, आणि मागण्यात संकोच मुळीच करू नये. चाळीस मिनिटे थांबलो, दोनच चित्रे पाहिली, दोन्ही रेम्ब्रांटची. पहिले १६३२ सालचे, डॉक्टर तुल्प शवविच्छेदन शिकवीत आहेत ते. तेव्हा चित्रकार पंचविशीत होता. सारे कसे नितळ आणि आत्मविश्वासाचे. दुसरे १६६९ सालचे, त्याचे स्वतःचे. वय त्रेसष्ट, हे त्याच्या मृत्यूचे वर्ष. दिवाळे निघून गेलेले, सोबतीण वारलेली, मुलगा टायटसही आदल्या वर्षी गेलेला. चेहऱ्यावर रंगाचे जाड थर, सुटलेले गाल, आणि डोळे आपल्याकडे लागलेले.

दादा पुष्कळ वेळ पाहत होते. मग यजमानांना म्हणाले, ‘बघ, यानं काही लपवलं नाही.’ यजमानांनी खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला हात दादांच्या खांद्यावर नेला. तेथून आम्ही जवळच्या उपाहारगृहात तिकडचे वाटाण्याचे दाट सूप घेतले. त्यात मीठ बरेच असते, म्हणून रक्तदाबवाल्यांनी एकाच वाटीत दोघांनी भागविले. तीनच्या आत दादा आपल्या घरी होते.

आता दर रविवारी तिकडच्या अकरा वाजता दोघे भाऊ दूरध्वनीवर बोलतात. दादांचा श्वास कधी बरा असतो, कधी नसतो. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा जाणे जमेल की नाही, हे दोघेही एकमेकांना विचारीत नाहीत.

वाचकहो, आपण मुलांकडे परदेशी निघाल, तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर स्थळांची नावे लिहू नका. भेटावयाच्या माणसांची लिहा, आणि प्रत्येकासाठी एक अख्खा, ताजा दिवस राखून ठेवा. उरलेल्या दिवसांत चित्रे पाहावीत. ती शेकडो वर्षे भिंतीवर आहेत. आपली वाट आणखी थोडी पाहतील.