ओझ्याची निंदा पुरे!

सामान कमी तर प्रवास सुखाचा, हे सुभाषित हल्ली ज्याच्या त्याच्या तोंडी आहे. विशेषतः युरोपची वारी करून आलेल्या मंडळींच्या. पाठीला एक पिशवी, आत दोन सदरे, की झाली तयारी! तिकडची माणसे कशी फुलासारखी हिंडतात आणि आपण मात्र बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघतो, हे सांगताना त्यांच्या मुद्रेवर मोक्षाचा मार्ग सापडल्याचे तेज असते. या सुभाषिताविरुद्ध माझी फिर्याद आहे. ओझे बाळगणे हा गुन्हा नव्हे. ओझेवाल्याचा विचार न करता वाट बांधणे, हा गुन्हा आहे.

युरोप मीही आगगाडीने पाहिला आहे. आम्ही अलिबागकर मित्र चौघे आणि बॅगा नऊ! तिकडे स्थायिक झालेल्या आप्तांच्या घरी रिकाम्या हाताने जाणे आमच्या रीतीत बसत नाही. तेव्हा मेतकूट, चकल्या, पोह्यांचे पापड असा सारा संसार बरोबर होता. लंडनची गाडी पॅरिसला गार द्यु नोर स्थानकावर सोडते आणि स्वित्झर्लंडची गाडी सुटते गार द लियोंवरून. मध्ये अख्खे शहर! भुयारी रेल्वेच्या पायऱ्यांवर बॅगेची चाके काय कामाची? हाक मारावी तर हमालही नाही. आमचा घाम निघाला. पुढे झुरिकला मात्र उतार, सरकते जिने, लिफ्ट असे सारे हजर. आणि त्याच नऊ बॅगा एकाएकी हलक्या झाल्या. वजन तेच, माणसे तीच; बदलली ती वाट.

ही वाट काही उपदेशाने झालेली नाही. स्वित्झर्लंडात २००४ साली अपंगांच्या समान हक्कांचा कायदा अमलात आला आणि स्थानके अडथळ्यांतून मोकळी करण्यास २०२३ अखेरची मुदत मिळाली. मुदत उलटली तरी काही स्थानके राहिलीच. पण जी झाली ती अपंगाच्या, म्हाताऱ्याच्या, बाबागाडी ढकलणाऱ्या आईच्या आणि आमच्या मेतकुटाच्याही उपयोगी पडली.

आता आपल्या किनाऱ्याकडे या. अलिबाग जिल्ह्याचे ठिकाण; पण उतारूंची रेल्वे तेथे जात नाही. पेणला उतरायचे आणि पुढचे सुमारे तीस किलोमीटर एसटीने जायचे. थळच्या खतकारखान्यापर्यंत मालगाडीचे रूळ आहेत. म्हणजे खताच्या पोत्याला रेल्वे आहे, पोते उचलणाऱ्याला नाही! समुद्रमार्गे म्हणाल तर २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी नेणारी रो-रो बोट आहे. मोटारवाल्याचे ओझे मोटारीच्या पोटात बसून खाडी ओलांडते. रेवसच्या लाँचने येणाऱ्याचे मात्र डोक्यावरच असते.

आणि हे ओझे असते तरी कशाचे? चाकरमानी येताना मुंबईचा खाऊ आणतो, जाताना पांढऱ्या कांद्याची माळ, वाल, सोडे, आमसुले घेऊन जातो. कोळिणीच्या पाटीवर तर तिची चूल पेटते. तिला सामान कमी करा म्हणणे म्हणजे अर्धपोटी राहा म्हणणे आहे.

कोणी म्हणेल, हौसेने वाढवलेल्या ओझ्याचे काय? ते जरूर कमी करा. पाटा-वरवंटा घेऊन हिंडा, असे मी म्हणत नाही. पण आपल्या रेल्वेनेच शयनयानाच्या उतारूला ४० किलो सामान विनामूल्य नेण्याची मुभा दिली आहे आणि वातानुकूलित पहिल्या वर्गाला ७०. साध्या दुसऱ्या वर्गाच्या वाट्याला ३५! ज्याच्या दिमतीला नोकरचाकर त्याला मुभा मोठी, ज्याचे डोके हाच हमाल त्याला लहान. बरे, चाळीस किलोचा हक्क देणाऱ्याने चाळीस किलो उचलून एकदा पुलाचा जिना चढून तरी पाहावा!

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत एसटीच्या दारात कोणी फराळाचे डबे आणि बोचकी घेऊन अडखळताना दिसले, तर उपदेश करू नका, हात लावा. आणि मते मागणारे दारी आले की विचारा, धक्क्यावर उतार केव्हा बांधता? फलाटावर लिफ्ट केव्हा देता? अलिबागला उतारूंची गाडी केव्हा आणता? तोवर आमच्या बॅगांचे वजन करण्याचा अधिकार कोणालाही नाही.